जमेची बाजू

पापनिवेदनाला बसलो की माझी यादी ठरलेली असते. राग, आळस, बायकोला टाकून बोलणं, प्रवचन चालू असताना लागलेली डुलकी. फादरांनाही ती आता पाठ झाली असावी. गेलं वर्षभर त्या यादीत एक नवं कलम घालायचं मी घरून ठरवून निघतो आणि जाळीपाशी गुडघे टेकले की गिळून टाकतो. एका बाईनं केलेल्या चहाला मी नको म्हटलं. कलम एवढंच. यावर फादर प्रायश्चित्त तरी काय देणार? घरी जाऊन तीन कप चहा पी म्हणून?

पण गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या वसईतल्या धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा आहेत. गावात तिला नुसतं ‘सोसायटी’ म्हणतात, त्यामुळं नवख्या माणसाला वाटतं, दुधाची असेल नाहीतर बिल्डिंगची. आमच्या चर्चच्या शाखेत आम्ही 14 जण. बहुतेक निवृत्त. दोन शिक्षिका, एसटीचा एक कंडक्टर, एक नर्सबाई, दादरला फुलं नेणारे दोघं-तिघं, आणि मी. मी खजिनदार. 34 वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची 12 कर्ज विभागात.

दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलच्या मागच्या खोलीत बैठक असते. आधी प्रार्थना, मग गेल्या आठवड्यात कोण कुणाकडं जाऊन आलं त्याची हकिकत, मग कुणाच्या औषधाचं बिल, कुणाच्या पोराची फी, आणि शेवटी थैली फिरते. ही थैली बघण्यासारखी आहे. काळ्या कापडाची, तोंड आवळलेलं. प्रत्येकानं मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. ज्याच्याजवळ त्या दिवशी टाकायला काही नाही त्यानंही मूठ घालायची. कुणी किती टाकलं हे शेजारच्याला कळत नाही, खजिनदारालाही नाही. सोसायटीची ही जुनी रीत. मला मात्र कॅशियरच्या सवयीनं ती फार टोचायची. रक्कम मिळते, भरणारा मिळत नाही. पावती फाडायची कुणाच्या नावानं?

दुसरी रीत नावांची. ज्यांना मदत जाते त्यांचं नाव खोलीबाहेर न्यायचं नाही. आम्ही धरलेल्या घरांना ‘दत्तक कुटुंब’ म्हणतात. (हा शब्द मला आवडत नाही. त्या घरातला म्हातारा कधीकधी माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असतो, आणि मी त्याला दत्तक घेतलेलं असतं.) वहीत त्यांचे फक्त क्रमांक असतात, म्हणून इथंही क्रमांकच लिहितो. तिसरी रीत अशी, की जायचं ते दोघांनी, आणि त्यांच्या घरी जायचं.

कुटुंब क्रमांक 7 आमच्या गावाच्या कडेला, एका वाडीत उठलेल्या बैठ्या चाळीत राहतं. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, उंबऱ्याशी पावसाचं पाणी अडवायला रचलेल्या विटा. माणसं परभणीकडची. नवरा रंगकाम करायचा. परांचीवरून पडला आणि खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर आहे. बाई घरी टिकल्यांचं काम करते. मखमली टिकलीवर चिमट्यानं खडा चिकटवायचा, टिकल्या कार्डावर ओळीनं लावायच्या, कार्ड पाकिटात घालायचं. पैसे ग्रोसावर. खोलीत पाय ठेवायला जागा शोधावी लागते. चादरीवर, उशीवर, पोराच्या पाठीवर, सगळीकडं टिकल्या. पहिल्यांदा गेलो त्या रात्री माझ्या पँटीच्या काठाला एक लाल टिकली चिकटून घरी आली. बायकोनं ती दोन बोटांत धरून मला दाखवली आणि काही विचारलं नाही. मीच घाईघाईनं सगळं सांगून टाकलं.

त्या दिवशी माझ्याबरोबर नर्सबाई होती. वय 74, सरकारी दवाखान्यातून निवृत्त, अर्ध्या गावाला तिनं सुया टोचल्यात. आम्ही पिशवी खाली ठेवली: पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापत्ती, अंगाचा साबण. बाईनं आम्हाला खाटेच्या पायथ्याशी बसवलं, शेगडी पेटवली, आणि आम्हीच आणलेली साखरेची पुडी आमच्यासमोर दातानं फोडली. दुधाची पिशवी अर्धीच होती. ती तिनं सगळी ओतली.

मी म्हटलं, “मला नको ताई, मला डायबिटीस आहे.”

हे खरं होतं. डायबिटीस मला 11 वर्षं आहे. पण त्या खोलीत माझं तोंड डायबिटीसनं बंद केलेलं नव्हतं. एक तर ते अर्धं दूध पोरासाठी आणलेलं दिसत होतं. दुसरं कारण जुनं. बँकेत लागलो तेव्हा माझ्या साहेबांनी शिकवलं होतं की पाहणीला गेलास तर कर्जदाराच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. पाणी प्यायलास की शेरा मऊ लिहिशील. ते मी 34 वर्षं पाळलं. कोकणपट्टीतल्या मे महिन्यात, घसा सुकलेला असताना पाळलं. आणि निवृत्तीनंतर, देवाच्या नावानं एका बाईच्या घरी गेलो तेव्हाही बँकेचाच माणूस म्हणून गेलो.

नर्सबाईनं चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायला, आलं कमी पडलंय म्हणून सांगितलं, वर आणखी अर्धा कप मागितला. येताना स्कूटरवर मागं बसून ती आमच्या कुपारी बोलीत जे म्हणाली ते साध्या मराठीत लिहितो. “तू आज त्या बाईला भिकारी करून आलास. पुढच्या महिन्यात बघ.”

पुढच्या महिन्यात नर्सबाई लेकीकडं गेली होती, मी कंडक्टरसाहेबांबरोबर गेलो. बाई दारातच उभी राहिली. पिशवी घेतली. “थँक्यू अंकल” म्हणाली. आत वळून तिनं नवऱ्याला काहीतरी खुणावलं आणि तो खाटेवर कोपरावर उठून आम्हाला हात जोडू लागला. बसा कुणी म्हटलं नाही. पाच मिनिटांत आम्ही परत. वहीत मी लिहिलं: ‘क्र. 7. धान्य पोचवले.’ कामकाजाच्या दृष्टीनं ही उत्तम भेट होती. वेळ कमी, वस्तू पूर्ण, तक्रार नाही.

सोसायटीची सुरुवात मी कधीतरी पुस्तिकेत वाचली होती, या भेटीनंतर ती पुन्हा काढून वाचली. पॅरिस शहर, 1832 ची पटकीची साथ नुकतीच होऊन गेलेली. फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एका वादमंडळात चर्चच्या बाजूनं जोरजोरात बोलत असत. तिथं समोरच्या पक्षातल्या एकानं त्यांना गप्प केलं. त्याच्या म्हणण्याचा मतलब असा, की तुमच्या चर्चनं पूर्वी मोठमोठी कामं केली हे कबूल; आज, या शहरातल्या गरिबांसाठी तुम्ही काय करताय ते दाखवा. उत्तर नव्हतं. 23 एप्रिल 1833 रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि त्यांच्याहून वडील असलेले बायी नावाचे एक संपादक असे सात जण जमले. करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग मुफ्तार वस्तीत काम करणाऱ्या रोझाली रेंद्यू या सिस्टरांकडं ते गेले, आणि त्यांनी पोरांना घरांचे पत्ते दिले. ओझानामनं आणि त्याच्या मित्रानं पहिल्यांदा नेलं ते काय, तर आपल्या खोलीत थंडीसाठी उरलेलं जळण.

मला यातलं जळण तितकं महत्त्वाचं वाटत नाही. दानधर्म त्या आधीही होता. मठांच्या दारात सूप वाटलं जायचं, रांगा लागायच्या. या पोरांनी बदललं ते पायांचं. गरिबानं चालत येऊन दारात उभं राहायचं नाही, आपण त्याचे जिने चढायचे. दुसऱ्याच्या घरात गेलात की तुम्ही पाहुणे. तिथं कुठं बसायचं हे तो सांगणार, किती वेळ बसायचं हे त्याच्या अंधारावर आणि पोरांच्या झोपेवर ठरणार. देणारा आत शिरताच घेणारा यजमान होतो. ही इतकी साधी युक्ती आहे की आम्ही ती 190 वर्षं पाळतो आणि तिच्यात काय आहे हे विसरतो. मी पाहुणा म्हणून गेलो आणि यजमानाचा चहा नाकारला. हात जोडून उभं राहण्यावाचून त्यांच्याकडं दुसरी जागाच ठेवली नाही.

ओझानाम पुढं सोर्बोनमध्ये साहित्याचा प्राध्यापक झाला, 1853 मध्ये चाळिशीत वारला, 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केलं. आमच्या खोलीत त्याचा फोटो आहे. नाक मोठं, चेहरा थकलेला.

आता शास्त्राकडं येतो, कारण खरी अडचण तिथं आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानात दोन उतारे आहेत, आणि ते एका पुस्तकात कसे नांदतात हे मला कोडं आहे. पहिला सहाव्या अध्यायातला, दरवर्षी राखेच्या बुधवारी वाचतात. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, असा त्याचा आशय. दुसरा पंचविसाव्या अध्यायातला. तो तीन वर्षांतून एकदा ख्रिस्तराजाच्या रविवारी येतो. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडं आलात. आमच्या सोसायटीचं सगळं काम या उताऱ्यावर उभं आहे. भिंतीवर तो फ्रेम करून लावलाय.

पण त्या गोष्टीत ती भली माणसं उलट काय विचारतात? आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी भुकेल्याला भुकेला म्हणून जेवू घातलं होतं, उघड्याला थंडी वाजते म्हणून कपडा दिला होता. राजा वगैरे त्यांच्या मनातही नव्हता. आमचं तसं नाही. आम्ही तो अध्याय वाचलाय. उत्तर आधीच फुटलेल्या पेपराला बसलेली पोरं आम्ही. तांदूळ उचलतानाच आम्हाला माहीत असतं की हे नेमके कुणाच्या खात्यावर जमा होणार. मग क्रमांक 7 च्या खोलीत मी बघतो तेव्हा मला ती टिकल्या लावणारी बाई दिसते, की तिच्या आरपार दुसरंच कुणी?

मदर तेरेसा म्हणत की गरिबाच्या वेषात येशूच समोर येतो. त्यांच्यासारख्या बाईनं म्हणावं, त्यांनी ते रोज हातानं खरंही केलं. माझ्यासारख्यानं म्हटलं की त्यात एक खोट येते. आपल्याकडं एकनाथांची गोष्ट सांगतात. रामेश्वराला नेण्यासाठी कावडीत आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. कीर्तनकार रंगात येऊन सांगतात, नाथांना त्या गाढवातच रामेश्वर दिसला. माझं लक्ष लहानपणापासून गाढवाकडं जातं. त्याला रामेश्वर व्हायचं नव्हतं. त्याला पाणी हवं होतं. नाथ मोठे यासाठी, की त्यांना आधी तहान दिसली. रामेश्वर नंतर, कदाचित कीर्तनात.

मी हे बैठकीत बोलून दाखवलं तेव्हा नर्सबाई जांभई देत म्हणाली, “तुला लोकांकडं बघायला वेळ नसतो, म्हणून तुला देव दिसायची भीती वाटते.” याचा अर्थ मला अजून पूर्ण लागलेला नाही. पण तिला त्या घरातलं काय काय माहीत होतं! पोराचं नाव, शाळा, त्याला कुठल्या बाई मारतात. नवरा रात्री कण्हतो की दिवसा. परभणीच्या घराच्या वाटणीत दीर काय म्हणतो. मला माहीत होतं उत्पन्न, भाडं, आणि रेशनकार्डाचा रंग.

हे माहीत असण्याचं कारण अर्ज. तो मीच तयार केलेला. आधी आमच्याकडं कुणीही बैठकीत नुसतं सांगायचं की अमक्या घरात अडचण आहे, आणि पिशवी जायची. मी खजिनदार झाल्यावर दोन पानी अर्ज आणला: कमावती माणसं, मासिक आवक, इतर संस्थांची मदत, घरातल्या वस्तू. त्यातल्या ‘वस्तू’ या रकान्यानं माझ्या हातून एक वाईट काम करवलं. एका घराचा अर्ज मी बाजूला ठेवला, कारण भिंतीवर मोठा टीव्ही होता. टीव्ही घ्यायला पैसे आहेत, डाळीला नाहीत? दोन महिने त्यांना काही गेलं नाही. मग कळलं, पोरानं तो हप्त्यावर घेतला होता, अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी. नर्सबाईनं मला सर्वांसमोर विचारलं, “ती म्हातारी दिवसभर काय बघणार? भिंत?”

आमच्यासारख्या भल्या माणसांना गरीब आवडतो, पण तो नीट गरीब असावा लागतो. त्याच्याकडं मोबाइल नसावा. पोरीच्या वाढदिवसाला त्यानं केक आणू नये. दारू तर नाहीच. पात्रता तपासणं हे बँकेचं काम आहे, कारण बँकेला पैसे परत हवे असतात. ज्याला परत काही नकोय त्यानं इतकी चौकशी कशाला करावी? का त्यालाही काहीतरी परत हवं असतं?

हवं असतं. आमच्याकडं पूर्वी पिशवीत एक संतचित्र घालत. पवित्र मरीयेचं, मागं छोटी प्रार्थना. कुणाचा वाईट हेतू नव्हता. आम्ही लग्नपत्रिकेतही घालतो. पण आमची निम्मी घरं हिंदू, दोन-तीन मुसलमान. एकदा एका चाळीत एका तरुणानं जिन्यात अडवून विचारलं, “धर्म बदलायला सांगता का तुम्ही?” कंडक्टरसाहेब भडकले. मला मात्र तो प्रश्न तितका वेडावाकडा वाटला नाही. वसईचा प्रदेश 1534 मध्ये पोर्तुगिजांकडं गेला आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. कोण श्रद्धेनं, कोण धाकानं, कोण पोटासाठी, याचा हिशेब आज कुणी लावू शकत नाही. माझी श्रद्धा माझी आहे, तिच्याबद्दल मला लाज नाही. पण तांदळाच्या शेजारी चित्र ठेवलं की ते चित्र राहत नाही, ती तांदळाची पावती होते. बैठकीत यावर दोन रविवार भांडण झालं. शेवटी चित्र बंद. एक सभासद तेव्हापासून येत नाहीत. मरीयेला घराबाहेर काढलं म्हणाले. आमच्या शेवटच्या संस्कारांना ते येतील अशी आशा आहे.

फोटोचंही तसंच. 2020 च्या टाळेबंदीत साऱ्या वसईत वाटप चाललं होतं. सनसिटीच्या मैदानावर श्रमिक रेल्वेसाठी माणसं उन्हात बसून असायची. त्या वेळी जे जे रस्त्यावर उतरले, सगळ्या धर्मांचे, त्यांना माझा नमस्कार आहे. पण तेव्हाच्या एका फोटोत, कुठल्या संस्थेचा ते सोडून देऊ, सहा-सात जण हसत एका पोराला पिशवी देताहेत आणि त्या पोरानं पिशवी तोंडासमोर धरलीय. माझ्या फोनवर तो फोटो चार ठिकाणांहून आला. चारही वेळा खाली अंगठे आणि जोडलेले हात. त्या पोरानं तोंड लपवलंय, हे कुणाला दिसलंच नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. क्रमांक 7 ज्या चाळीत राहतं ती चाळ ज्या वाडीत आहे, ती वाडी आमच्याच समाजातल्या एकाची. नाव सांगणार नाही, तो आमच्या खोलीत माझ्यासमोरच बसतो आणि थैलीत मूठ घालतो. सकाळी त्याचा माणूस भाडं घेऊन जातो, संध्याकाळी आम्ही त्याच खोलीत तांदूळ पोचवतो. पत्रा गळतो, हे आमच्या वहीत तीनदा आलंय. दुरुस्तीसाठी सोसायटीनं ताडपत्री दिली!

मी त्याला काय बोलणार? माझ्या बापाची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा. ती उभी होती वारली जोडप्यांच्या कमरेवर. आळ्यांना पाणी ती लावायची, घड ती वाहायची, आणि नाताळात माझी आई त्यांना जुने कपडे आणि डब्यात वडे-मटण द्यायची. आई खरंच मायाळू होती. मजुरी वाढवावी, असं मात्र त्या घरात कुणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. डबा देताना मन भरून यायचं, पगार देताना येत नसे. ओझानामला हे 1848 च्या क्रांतीच्या आसपास दिसलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दया म्हणजे वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमेवर तेल ओतणारा शोमरोनी. मुळात लूट होऊ न देणं हे न्यायाचं काम. आमच्याकडं तेल आहे, बाटल्या भरून आहे. वाटमारी कोण करतो हे विचारायची वेळ आली की मात्र बैठक आटोपती घेतात, शेवटची प्रार्थना म्हणतात. मीही म्हणतो.

चहाकडं परत येतो. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी त्या बारांत मी होतो. त्या दुपारी मी घरी साबणानं, दगडानं घासून पाय स्वच्छ धुतले, नखं कापली, नवे मोजे घातले, आणि मग चर्चमध्ये जाऊन धुऊन घेतले. मी एकटा नव्हे, बाराही जणांनी तेच केलं असणार. तबकातलं पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. संत योहानानं सांगितलेल्या मूळ प्रसंगात पेत्र अडून बसतो. तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत, म्हणतो. वरवर ही नम्रता. येशू त्यावर जे ऐकवतो ते कडक आहे: मग तुझा माझा संबंध उरला नाही. लहानपणी मला वाटायचं, बिचाऱ्या पेत्रावर उगाच रागावले. आता वाटतं की नको म्हणणाऱ्या माणसाला नात्यात वरची पायरी सोडायची नसते, म्हणून तो नको म्हणतो.

चौथ्या महिन्यात मी नर्सबाईबरोबर गेलो. बाई दारातच होती. पिशवी तिच्या हातात न देता मी म्हटलं, “ताई, आज चहा मिळेल का? बिनसाखरेचा.”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “साखर नाहीच आहे,” ती म्हणाली. “दूधपण नाही.”

“काळा चालेल.”

ती हसली वगैरे नाही. बाजूला झाली. खाटेवरच्या टिकल्यांची कार्डं उचलून आम्हाला जागा केली. स्टीलच्या पेल्यात अर्धा कप काळा चहा आला, इतका गरम की मी रुमालात धरला. नर्सबाई तिच्या नवऱ्याचा पाय वाकवून बघत होती. बाईनं विचारलं, “साखर किती आहे तुमची?” मी आकडा सांगितला. ती म्हणाली, “माझ्या सासऱ्यांना होती. अंगठा कापावा लागला त्यांचा.” आणि मग, अगदी सरकारी सुरात, “पाय दाखवा.”

मी पाय मागं घेतला.

“दाखवा ना अंकल. त्यांचंही असंच बुटात लपलेलं होतं.”

मी बूट काढला, मोजा काढला. त्या दिवशी पाय धुतलेले नव्हते. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला, वाकून टाचेची भेग अंगठ्यानं दाबून बघितली, दुखतं का विचारलं, पोराला पत्र्यावरची बाटली आणायला लावली आणि खोबरेल चोळलं. तिच्या बोटांना लागलेला एक हिरवा खडा माझ्या टाचेला चिकटला. नर्सबाई तिकडून हे सगळं बघत होती. 40 वर्षं नर्स असलेल्या बाईनं तोंडातून एक शब्द काढला नाही.

त्या रात्री वही लिहायला घेतली. आमच्या जुन्या देशी कीर्दीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. बँकेत संगणक आले तेव्हा ती मोडीत निघाली, पण माझा हात तसाच वळतो. सोसायटीची वही मी त्याच पद्धतीनं आखलेली आहे. क्रमांक 7 चं पान उघडलं. उजव्या बाजूला चार महिन्यांच्या नोंदी: तांदूळ, डाळ, तेल, औषध, ताडपत्री. डावी बाजू कोरी. पानं उलटत गेलो. क्रमांक 1 पासून 11 पर्यंत, सगळ्या घरांची डावी बाजू कोरी. सहा वर्षांची वही. असा ताळेबंद एखाद्या शाखेनं आणला असता तर मी तो फेकून दिला असता. इतके व्यवहार आणि एकाही घरातून एका पैशाची जमा नाही, असं होऊच शकत नाही. कुणीतरी नोंदी करायच्या सोडल्यात.

मी डावीकडं लिहिलं: ‘चहा, काळा, अर्धा कप. खोबरेल, एक चमचा.’

नंतर नर्सबाईला विचारून जुन्या भेटींच्याही काही नोंदी घातल्या. क्रमांक 3: करवंदं, पानभर. क्रमांक 9: कुराण शिकवणाऱ्या आजोबांनी पावसात छत्री दिली, परत करणे बाकी. टीव्हीवाल्या घरच्या आजीचं: ‘मालिकेची पूर्ण कथा.’

मार्चअखेर सोसायटीच्या सेंट्रल कौन्सिलकडून हिशेब तपासायला एक तरुण आला. सीएचा अभ्यास करतोय म्हणाला. व्हाउचर लावलेली फाइल बघून खूश झाला. मग वही उघडली, क्रमांक 7 च्या पानावर थांबला, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. पेन्सिलीनं त्या ओळीवर एक बारीक टिंब केलं आणि मला अगदी अदबीनं विचारलं, “काका, ही जमा दाखवलीत, पण याची पावती दिली का तुम्ही त्यांना?”

मी म्हटलं, नाही दिली.

“मग द्यायला हवी,” तो म्हणाला, आणि पुढच्या पानाकडं वळला.